बरोबरची खूण

पहिलीच्या बाईंना वाचता येत नव्हतं आणि शाळेत ही गोष्ट कुणालाही ठाऊक नव्हती.

पूर्वीपासून असं नव्हतं. शाळेच्या आसपासच्या गल्ल्यांतली निम्मी माणसं बाईंच्याच हाताखाली अक्षरं गिरवून मोठी झालेली. बँकेतला कॅशियर, कोपऱ्यावरचा औषधवाला, खुद्द हेडसरांची सून, सगळी बाईंची मुलं. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत एका सकाळी बाई पेपर घेऊन बसल्या आणि पाहतात तर पेपर भलत्याच लिपीत छापलेला. त्यांनी तो उलटा करून पाहिला, चष्मा पुसला, मग पेपरवाल्याच्या नावाने खडे फोडत धाकट्या बहिणीला हाक मारली. बहिणीने पेपर पाहिला, बाईंकडे पाहिलं आणि पायात चपला सरकवल्या. तासाभरात दोघी दवाखान्यात होत्या.

डॉक्टरांनी सांगितलं ते थोडक्यात असं. मेंदूत रक्ताची लहानशी गुठळी अडकून गेली होती. नशीब बलवत्तर, हातपाय शाबूत, बोलणं शाबूत. उजव्या बाजूचं थोडं दिसणार नाही. आणि डोळ्यांना अक्षर दिसेल, पण ते ओळखणारा मेंदूतला कोपरा बंद पडला आहे.

"पण मला लिहिता तर येतंय," बाई म्हणाल्या.

"येईल. हात विसरलेला नाही. लिहा बघू काहीतरी."

बाईंनी झरझर आपलं नाव, पत्ता, वर लफ्फेदार सही, सगळं लिहिलं. डॉक्टरांनी तोच कागद फिरवून त्यांच्यापुढे धरला आणि वाचायला सांगितलं. बाई कागदाकडे बघत राहिल्या. आपल्याच हातचं वळणदार अक्षर, आणि ते त्यांच्याशी बोलायला तयार नव्हतं. तेव्हा मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

बहिणीचं म्हणणं सरळ होतं. "ताई, हेडसरांना सांगून टाक. आजारपण आहे, चोरी नाही."

"आणि मग काय करू? पहिलीच्या बाईला वाचता येत नाही म्हटल्यावर मला घंटा वाजवायला ठेवतील?"

"काहीतरी देतील."

"काहीतरी नकोय मला," बाई म्हणाल्या आणि विषय संपला. बहीण कपडे शिवायच्या दुकानात कामाला होती, दिवसभर दुसऱ्यांची मापं घेत असे. ताईचं माप तिला पूर्वीच कळलेलं. वर्ग सोडून या बाईला दुसरं जग नव्हतं. लग्न केलं नाही, प्रवास केला नाही, शेजारी बसून गप्पा मारायचीही हौस नाही. पहिलीचा वर्ग काढून घेतला तर उरणार काय, हा प्रश्न दोघींनाही पडला होता आणि दोघीही मूग गिळून बसल्या.

तर शाळा सुरू झाली आणि बाईंनी सोंग वठवायला घेतलं. खरं सांगायचं तर पहिलीच्या वर्गात ते फार अवघड नव्हतं. पुस्तक त्यांना पानापानाने तोंडपाठ. मांजराचं चित्र आलं की मांजराचा धडा, विहिरीचं आलं की विहिरीचा. फळ्यावर लिहायला हात होताच. हजेरीची नावं बहिणीने आदल्या संध्याकाळी वाचून दाखवली, ती बाईंनी क्रमाने पाठ केली. ऑफिसातून सूचना आली की बाई पर्स चाचपून म्हणत, "चष्मा घरी राहिला बघा, काय म्हणतायत तेवढं सांगा." वर्षानुवर्षं सगळ्यांवर डाफरणाऱ्या माणसाचा एक फायदा असतो, त्याला कुणी उलटून विचारत नाही.

अडचण एकच होती, मुलांनी लिहिलेलं तपासायचं कसं. बाईंनी त्यावरही तोड काढली. मुलाने पाटी घेऊन टेबलाशी यायचं, काय लिहिलं ते मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि बाईंनी पाटीच्या कोपऱ्यात खडूने बरोबरची खूण करायची. मुलं खणखणीत आवाजात वाचत. हेडसर एकदा दारात उभे राहून हे बघत होते. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी सभेत सगळ्या शिक्षकांना सुनावलं, "बाईंकडून शिका जरा. इतकी वर्षं झाली तरी नवी पद्धत शोधतात. मुलं कशी धीट झाली आहेत!" बाई खाली मान घालून बसल्या. लोकांना तो विनय वाटला.

वर्गाच्या उजव्या टोकाला, खिडकीलगत, एक मुलगी बसत असे. खडूचे पडलेले तुकडे वेचून फ्रॉकच्या खिशात भरायची तिला सवय, म्हणून बाईंनी तिचं नाव खारूताई ठेवलं होतं आणि ते घरापर्यंत पोचलं होतं. बाईंना उजवीकडचं दिसत नसे, त्यामुळे खारूताई त्यांना दिसायची ती फक्त टेबलाशी आल्यावर. तिचा बाप खिडक्यांना काचा बसवायचं काम करायचा. आई नव्हती, आजी होती.

खारूताई वाचायची मात्र सुंदर. ओळीखाली बोट सरकवत, जिथे थांबायचं तिथे थांबत, प्रश्न आला की आवाज चढवत. पालकसभेत काचवाला मागच्या बाकावर अवघडून बसला होता. त्याला स्वतःला अक्षर येत नव्हतं, सही करायची वेळ आली की तो अंगठा पुढे करून आधीच हसून घ्यायचा. बाईंनी सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, "तुमची लेक वर्गात सगळ्यांत छान वाचते." त्या माणसाला कुठे बघावं कळेना. हातातली टोपी त्याने तीनदा घातली आणि तीनदा काढली.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाईंना खरं काय ते कळलं. खारूताई टेबलाशी उभी राहून विहिरीचा धडा वाचत होती. बोट सरकत सरकत चित्रापाशी आलं, चित्रावर चढलं, बादलीवरून फिरलं, आणि आवाज आपला पुढे चालूच होता, एकही शब्द न चुकता. दुसऱ्या कुठल्याही बाईंच्या हे लक्षात यायला वेळ लागला असता. या बाईंना क्षणभरही लागला नाही, कारण त्या स्वतः नेमकं हेच करत होत्या. पोरीला वाचता येत नव्हतं. चाळीस मुलांच्या तोंडून ऐकून ऐकून तिने अख्खं पुस्तक पाठ केलं होतं.

बाईंनी तिची पाटी जवळ ओढली. पाटीवर काय असेल मग? त्यांनी इतके दिवस कशाकशावर खुणा केल्या होत्या? पण तिला पकडायचं तर न शिकवलेलं काहीतरी वाचायला द्यायला हवं, आणि ते तिने बरोबर वाचलं की चूक, हे कळायला बाईंना स्वतःला वाचता यायला हवं. तिची लबाडी उघड करायची तर आधी आपली करावी लागणार. बाईंनी खडू उचलला आणि पाटीच्या कोपऱ्यात खूण केली.

"शाब्बास," त्या म्हणाल्या. खारूताईने त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. लहान मुलं फसवतात तेव्हा समोरचा फसला की नाही हे तपासून बघतात, तसं ते पाहणं होतं. मग ती उजवीकडे गेली आणि बाईंना दिसेनाशी झाली.

हिवाळा संपत आला तेव्हा ती चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी शाळा सुटताना काचवाला एकटाच आला. हाताला ठिकठिकाणी काचेचे ओरखडे, डोळे जागरणाने लाल.

"बाई, पोरीला शाळेतून काढू नका. मी समजावलंय तिला. पुन्हा नाही करायची."

"काय केलं तिने?"

त्याने उभ्या उभ्याच सांगितलं. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. डोळ्यात घालायचे थेंब एका बाटलीत. कान दुखत होता म्हणून कानाचे थेंब दुसऱ्या बाटलीत. दोन्ही बाटल्या सारख्याच, पांढऱ्या, बोटाएवढ्या. खोकी कुणीतरी टाकून दिलेली. तो कामावर निघाला होता, घाईत होता. त्याने लेकीला हाक मारली, खारे, यातली डोळ्याची कुठली ते वाच. तिने दोन्ही बाटल्या हातात घेतल्या, बोट फिरवलं आणि एक पुढे केली.

"कानाचं औषध गेलं डोळ्यात. म्हातारी अशी किंचाळली बाई, की शेजारपाजारचे धावत आले. दवाखान्यात नेलं. डोळा वाचला म्हणतात, पण अजून पट्टी आहे."

"आणि खारूताई?"

"तिला मी मारलं." हे तो खिडकीकडे बघून म्हणाला. "आजवर कधी बोट लावलं नव्हतं. पण शेजाऱ्याने बाटली बघितली, म्हणाला अहो इथे ढळढळीत कान लिहिलंय. आणि तुम्ही सगळ्यांदेखत सांगितलेलं, वर्गात सगळ्यांत छान वाचते. मग चुकेल कशी? मी विचारलं तिला, मुद्दाम केलंस का? आदल्या दिवशी आजी तिला रागावली होती. तर म्हणाली, हो."

"हो म्हणाली?"

"हो, मुद्दाम केलं म्हणाली. तेव्हापासून बोलत नाही, नीट जेवत नाही. म्हातारी तिला जवळ येऊ देत नाही. सात वर्षांची पोर बाई, इतका दुष्टावा आला कुठून तिच्यात?"

त्याने खिशातून बाटली काढली आणि बाईंपुढे धरली. "बघा ना तुम्हीच. स्पष्ट आहे ना?"

बाईंनी बाटली घेतली. पांढऱ्या कागदावर काळ्या मुंग्या होत्या. त्यांनी ती जवळ धरली, लांब धरली, डावीकडे सरकवली. पर्स हाताशीच होती आणि चष्मा घरी राहिल्याचं वाक्य जिभेवर तयार होतं. बोलून टाकलं असतं तर तो गेला असता, आणि घरी ती पोर दुष्ट ठरून वाढली असती. वाचता येत नाही म्हणण्यापेक्षा मी दुष्ट आहे म्हणणं तिला सोपं वाटलं होतं. बाईंना ते आतून कळलं. त्या मुलांच्या बुटक्या बाकावर बसल्या.

"तिने मुद्दाम केलं नाही," त्या म्हणाल्या. "तिला वाचताच येत नाही."

"पण तुम्हीच तर म्हणालात..."

"म्हणाले. मला माहीत नव्हतं तेव्हा म्हणाले. आणि नंतर माहीत झालं तेव्हा गप्प बसले." बाईंनी बाटली बाकावर ठेवली. "ही मलाही वाचता येत नाही. सुट्टीपासून मला काहीच वाचता येत नाही. मी आजारी पडले होते. कुणाला सांगितलं नाही."

काचवाल्याला आधी ते समजलंच नाही. मग समजलं आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. बाईंना वाटलं होतं तो ओरडेल, पण त्याचा आवाज उलट खाली गेला.

"मी माझ्या पोरीला मारलं, बाई," तो म्हणाला. "तुमच्या शब्दावर मारलं."

तो बाटली उचलून निघाला. तो दारातून बाहेर पडत असताना बाईंनी त्याला हाक मारली. "आज घरी गेल्यावर तिला सांगा. माझं नाव घेऊन सांगा, बाई खोटं बोलल्या म्हणून." तो थांबला नाही.

मग बाई उजव्या हाताने भिंत चाचपत हेडसरांच्या खोलीत गेल्या. दार बंद करून त्यांनी सगळं सांगितलं, सुट्टीपासून ते बाटलीपर्यंत. हेडसरांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला.

"मी सभेत तुमचं कौतुक केलं होतं," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"दुसरीच्या बाईंनीही तीच पद्धत सुरू केली आहे."

"त्यांना सांगा बंद करायला. मुलांना मोठ्याने वाचू दे, पण पाटी डोळ्यांनी बघा म्हणावं."

दुसऱ्या दिवशी हेडसर स्वतः पहिलीच्या वर्गावर बसले आणि एकेका मुलाची आदल्या दिवशीची, न पुसलेली पाटी पाहिली. चाळीसातली बरीच मुलं नीट लिहीत होती, बाईंची इतक्या वर्षांची शिस्त वाया गेली नव्हती. पण सात-आठ पाट्या अशा निघाल्या की त्यांवर अक्षर म्हणावं असं काही नव्हतं. नुसत्या आडव्याउभ्या रेघा, गोळे, शेपट्या, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात बाईंच्या हातची डौलदार, ठाशीव बरोबरची खूण. हेडसरांनी त्या पाट्या कुणाला दाखवल्या नाहीत. बाईंना मात्र सांगितलं, कारण बाईंनीच विचारलं. त्या रात्री बहिणीने दोनदा ताट वाढलं आणि दोनदा तसंच उचललं.

बाईंना आजारपणाची रजा मिळाली, म्हणजे वर्ग गेला. नवीन बाई आल्या, तरुण, हसऱ्या, आणि त्या मागे पडलेल्या मुलांना शाळा सुटल्यावर थांबवून घेऊ लागल्या. सात मुलं थांबायची. खारूताई मात्र थांबत नसे; ती शाळेत यायची, खिडकीपाशी बसायची आणि पुस्तक उघडायला सांगितलं की दोन्ही हात खिशात घालायची. जी पोर पूर्वी खणखणीत वाचायची ती आता तोंडच उघडत नव्हती. हे बहिणीने बाहेरून ऐकलं आणि घरी येऊन सांगितलं. सांगू की नको असं तिचं बराच वेळ चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई काचवाल्याच्या घरी गेल्या. घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे एक खोली. दुकानात भिंतीला टेकून काचा उभ्या होत्या आणि काचवाला मोठ्या टेबलावर काच कापत होता. त्याने बाईंना पाहिलं, पण काम पुरं होईपर्यंत मान वर केली नाही.

"मला तिच्याबरोबर बसायचं आहे," बाई म्हणाल्या. "शिकवायला नाही. तो माझा अधिकार राहिला नाही."

"मग कशाला?"

"शिकायला."

"माझ्या आईला विचारा," तो म्हणाला. "भोगलं तिने आहे."

आतून म्हातारीचा आवाज आला. ती सगळं ऐकत होती. "येऊ दे आत. माझा एक डोळा गेला होता, या बिचारीचे दोन्ही गेलेत."

खारूताई भिंतीशी पाय पोटाशी घेऊन बसली होती. बाई खाली जमिनीवर बसल्या, मग काहीतरी आठवून उठल्या आणि फिरून तिच्या दुसऱ्या बाजूला बसल्या. "त्या बाजूला तू मला दिसत नाहीस. वर्गातही दिसत नव्हतीस. इकडून दिसतेस."

पोरीने गुडघे आणखी घट्ट धरले.

"मला वाचता येत नाही," बाई म्हणाल्या. "तुझ्यासारखंच. मी पण पुस्तक पाठ केलं होतं. तू बादलीवरून बोट नेलंस ना, तेव्हाच मला कळलं होतं. मी बोलले नाही. चूक माझी होती, मार तुला बसला."

पहिलीच्या मुलांपुढे रडायचं नाही हा त्यांचा नियम होता. तो त्या दिवशी मोडला. खारूताई डोळे मोठे करून बघत राहिली. मोठं माणूस वाचता येत नाही म्हणून रडतं, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं.

बाईंनी हाताचा तळवा तिच्यापुढे उघडला. अक्षर डोक्यात बसत नसलं तर ते मुलाच्या तळव्यावर बोटाने काढायचं आणि मुलाने डोळे मिटून ओळखायचं, ही त्यांची फार जुनी रीत. डॉक्टर म्हणाले होते की हात विसरलेला नाही. हे दोन्ही बाईंच्या डोक्यात एकत्र यायला इतके महिने लागले होते, आणि ते आलं रजेवर गेल्यावर, घरी रिकामं बसल्यावर.

"तुला खरंखुरं येणारं एक अक्षर असेल ना? एक तरी? काढ इथे."

पोरीने गुडघ्यांवरचा एक हात सोडला. मग एक गार, खडूने खरखरीत झालेलं बोट तळव्याला लागलं. एक गोलसर वळण, एक दांडी, एक आडवी रेघ. बाईंनी डोळे मिटले आणि आपल्या बोटाने मांडीवर तेच वळण गिरवलं.

"क," त्या म्हणाल्या. इतक्या महिन्यांनी भेटलेलं ते पहिलं अक्षर होतं.

"बरोबर," खारूताई म्हणाली. कित्येक दिवसांत तिने घरात उच्चारलेला तो पहिला शब्द. दुकानात काच कापायचा आवाज थांबला.

त्यानंतर बाई रोज दुपारी जात राहिल्या. शाळेतून आली की खारूताई नव्या बाईंनी शिकवलेलं अक्षर घेऊन यायची आणि बाईंच्या हातावर काढायची. बाई ओळखायच्या किंवा चुकायच्या. चुकल्या की पोर नव्या बाईंच्या आवाजात म्हणायची, "घाई नको, पुन्हा बघा." छापलेलं अक्षर बाईंना अजून नुसतं पाहून कळत नव्हतं, पण त्यावरून बोट फिरवलं की बोटातून वर यायचं. एका शब्दाला म्हातारीचा अख्खा चहा पिऊन व्हायचा.

मग म्हातारीचा कान पुन्हा दुखायला लागला. नवी बाटली आली, डोळ्याच्या बाटलीसारखीच. काचवाल्याने दोन्ही बाटल्या हातात धरल्या आणि शेजाऱ्याला हाक मारायला निघाला.

"त्याला कशाला बोलावतोस?" म्हातारी म्हणाली. "घरात दोघी शिकतायत ना?"

"आई, उगाच..."

"डोळा माझा आहे आणि कानही माझाच आहे. बस खाली."

खारूताईने दोन्ही बाटल्या समोर घेतल्या. चेहरा पांढराफटक. एकीवरच्या अक्षराखाली तिने बोट ठेवलं, दुसरीवर ठेवलं, परत पहिलीवर आणलं. पूर्वीसारखं ते सरसर पळालं नाही. मग तिने खिशातून पेन्सिल काढली, बापाच्या काचांवर लावायची पांढरी चिकटपट्टी तोडून घेतली, त्यावर जीभ बाहेर काढून दोन अक्षरं लिहिली आणि पट्टी एका बाटलीला लावली.

तिने बाटली बाईंपुढे धरली. "बरोबर?"

बाईंनी डोळे मिटले नाहीत, उघडेच ठेवले. पट्टीवर त्यांनी बोट टेकवलं आणि पहिलं अक्षर गिरवलं. त्याचा काना गिरवला. दुसऱ्या अक्षरापाशी त्या अडल्या, मागे आल्या, पुन्हा गिरवलं. मग बाटलीवरचं छापलेलं अक्षर शोधून त्यावरून नखाचं टोक फिरवलं. कपाळावर घाम आला होता. कुणी घाई केली नाही. म्हातारी एव्हाना कुशीवर वळली होती, दुखरा कान वर करून, डोळे मिटून, बाटलीकडे न बघता वाट पाहत होती. काचवाला गुडघ्यावर हात ठेवून लेकीच्या बोटांकडे बघत होता.

बाईंनी बोटाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि शेवटापर्यंत गेल्या. मग खारूताईच्या हातातली पेन्सिल घेऊन त्यांनी पट्टीच्या कोपऱ्यात एक लहानशी खूण केली.

"घाला," त्या म्हणाल्या.